घटपर्णीला लागलेला भंडारा

बाळासोनं सहा वर्षं गच्चीवर घटपर्णी वाढवली होती. पेल्यासारख्या पानांत किडे पडायचे, झाड ते पचवायचं. पण त्यावर बाळासो असा बोलत सुटायचा, की गल्लीतली माणसं त्याला लांबनं बघून वाट बदलायची. हे त्याला ठाऊक होतं, पण तोंड काय आवरत नव्हतं.

यंदा झाडाला पहिल्यांदा फुलं आली. झाड मादी निघालं. घटपर्णीत नर-मादी वेगवेगळी, त्यामुळं संकर करायचा तर नराचे पराग बाहेरनं आणायला हवेत. दुसऱ्या जातीचं नर झाड होतं गारगोटीच्या क्रांतीताईंकडं. झाडासाठी गारगोटीला जातो म्हटलं असतं तर आईनं सोलून काढलं असतं. म्हणून हा विज्ञाननिष्ठ गडी, जो देव्हाऱ्यापुढं कधी मान वाकवायचा नाही, "पट्टणकोडोलीला बिरदेवाला जाऊन येतो," असं सांगून निघाला.

क्रांतीताईंनी चिमूटभर पिवळी पूड कागदाच्या पुडीत दिली. "जपून न्या. आता पुढचा फुलोरा कधी येतोय कुणास ठाऊक," म्हणाल्या. रात्री त्यानं पुडी फ्रिजात ठेवली.

सकाळी उठल्या उठल्या फ्रिज उघडला, तर पुडी गायब.

"आई, हितली पुडी?"

"बिरदेवाचा भंडारा फ्रिजात ठेवत्यात व्हय रं मुडद्या?" झुंबरबाई कडाडल्या. "तू झोपलेलास तवाच तुझ्या कपाळाला लावला. सगळा. ते झाड आणल्यापासनं तुझं डोस्कं ठिकाणावर न्हाय."

बाळासोला रडूच फुटायचं बाकी होतं. मग आरशात बघितलं. कपाळ पिवळंधमक. अजून तोंड धुतलं नव्हतं! स्वतःच्या आळशीपणाचा एवढा अभिमान त्याला जन्मात वाटला नव्हता.

ब्रशनं खरवडून बघितलं, तर पूड तेलकट कपाळाला घट्ट चिकटलेली. शेवटी गच्चीवर गुडघे टेकले, श्वास रोखला आणि एकेका फुलाला हळूच कपाळ लावत गेला. धुणं वाळत घालायला आलेल्या झुंबरबाई दारातच थबकल्या.

"देवाफुडं मान मोडती तुझी. आन् ह्या किडंखाऊफुडं लोटांगण?"

खरं सांगावं तर गारगोटीची फेरी बाहेर पडणार. बाळासोनं पुढच्या फुलाला कपाळ लावलं.

काही दिवसांनी फुलांच्या जागी शेंगा फुगल्या. झुंबरबाईंनी शेजारपाजार गोळा करून गच्चीवर आणला. "बिरदेव पावला! भंडारा कुणी लावलता, इचारा की त्याला."

सगळी बाळासोच्या तोंडाकडं बघायला लागली. परागकणांवरचं सगळं भाषण त्याच्या जिभेवर येऊन थांबलं होतं.

"आईनं लावलता," तो म्हणाला. झाडाबद्दल त्याचं एवढं थोडक्यात बोलणं गल्लीनं पहिल्यांदाच ऐकलं.