आयर्लंडमध्ये गाडी कोणी चालवली

बहारीनला, मनामात बँकेत असलेल्या शरच्चंद्रांना त्र्याऐंशी साली ट्रेनिंगसाठी डब्लिनला पाठवलं होतं. ट्रेनिंग संपल्यावर आठवडाभर रजा काढून त्यांनी बायकोला, चारुलताला, तिकडे बोलावून घेतलं. भाड्याची गाडी घेऊन दोघं खेडोपाडी हिंडले. तेव्हापासून वर्षभर बहारीनच्या मराठी मंडळींत तो किस्सा रंगत होता.

त्या गुरुवारी ईसा टाउनला चारुलताच्या मैत्रिणीकडे, लीनाकडे, जेवण होतं.

"रस्ता म्हणजे बोळ हो नुसता!" शरच्चंद्र सांगत होते. "दोन्हीकडे दगडी भिंती, मधे मेंढ्या बसलेल्या. हॉर्न दिला तर अशा बघतात, जणू आपणच त्यांच्या दिवाणखान्यात घुसलोय. एका म्हाताऱ्याला रस्ता विचारला, तर तो दार उघडून मागे बसलाच. तीन मैल नेला त्याला. स्वतःच्या दारात उतरून म्हणतो, 'तुम्ही विचारलंत ते गाव? ते मागेच राहिलं!'"

सगळे खो खो हसले.

"आणि आमच्या चारूच्या हातात नकाशा, तोही उलटा! मी चालवतोय, ही रडतेय."

चारुलताने ताट खाली ठेवलं. तिकडे पहिल्याच दिवशी समोरून दुधाचा ट्रक आला होता. आयर्लंडमध्ये आपल्यासारखं डावीकडून चालवायचं, पण बहारीनच्या सवयीने शरच्चंद्रांनी गाडी उजवीकडे घातली. ट्रक कसाबसा थांबला, गाडी भिंतीला घासली. त्यांनी उतरून किल्ली तिच्यापुढे धरली. "मला नाही जमणार. तू घे," म्हणाले. पुढचे सगळे दिवस तिनेच चालवली. म्हाताऱ्याला तिनेच घरी सोडलं. आणि आजवर तिने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

"गाडी मी चालवत होते," ती म्हणाली. "नकाशा यांच्याकडे होता."

सगळ्यांनी शरच्चंद्रांकडे पाहिलं. मग लीना हसली, "काय गं, फिरकी घेतेस त्यांची!" शरच्चंद्रही हसले, सगळ्यांत मोठ्याने.

परतताना गाडीत ते म्हणाले, "चारचौघांत बोलायची काय गरज होती?"

"मी खोटं बोलले का?"

त्यांनी रेडिओ लावला.

पुढच्या गुरुवारी जुफैरला कोणाकडे तरी तोच किस्सा झाला. म्हातारा उतरला, नकाशा उलटा झाला, आणि शेवटी शरच्चंद्र म्हणाले, "आता तर बाईसाहेब म्हणतात, गाडी मीच चालवली!"

एवढा हशा त्या किस्स्याला कधीच मिळाला नव्हता.

चारुलताही हसली. हसली नसती, तर बरं नाही का म्हणून तिलाच विचारलं असतं सगळ्यांनी.