न बघता लावलेला दिवा

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. तिच्या खुब्याचं हाड मोडेपर्यंत या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. डॉक्टरांनी तिला जिना कायमचा वर्ज्य केला, तेव्हा धाकट्या भावाने तिला आपल्या तळमजल्यावरच्या घरी आणलं. भाऊ एकटाच राहायचा. सरकारी प्रयोगशाळेत लोकांची वजनंमापं तपासण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. निवृत्तीनंतर तपासायला दुसरं काही न उरल्यामुळे तो लोकांची विधानं तपासत असे. ताई त्याला 'प्रयोगशाळा' म्हणायची.

अडचण घरपट्टीची होती. मालक स्वतः ज्या घरात राहतो, त्या एका घराला नगरपालिका पट्टीत मोठी सवलत देत असे. आजारपणासाठी सहा महिने बाहेर राहण्याची मुभा होती, आणि ती संपत आली होती. सवलत गेली की पूर्ण पट्टी. आणि टेलिफोन एक्स्चेंजमधल्या निवृत्त ऑपरेटरच्या पेन्शनमध्ये पूर्ण पट्टी कोणत्याही बाजूने बसत नव्हती. म्हणजे घर विकणं आलं. ते घर ताईने स्वतःच्या पगारावर घेतलं होतं आणि दारावर एकटीच्या नावाची पाटी लावली होती.

"घर वापरात दिसलं पाहिजे," भाऊ म्हणाला.

"मग रोज जाऊन दिवा लावून ये. तेवढाच तुझा जिना होईल. पोट बघ."

त्याने आधी तिथे ठरल्या वेळी चालू-बंद होणारं बटण बसवलं, आणि आठवड्याच्या आत काढून टाकलं. बनावट नोंदी खऱ्या नोंदींपेक्षा नेहमी नीटनेटक्या असतात, हे त्याला नोकरीने शिकवलं होतं. खरा माणूस कधी दिवा विसरतो, कधी गीझर. तो गबाळेपणा आणायचा, तर तिथे खरोखरच कोणीतरी राहायला हवं. म्हणून तो राहायला गेला. दुपारी ताईची औषधं आणि भाजी घेऊन तो स्वतःच्या घरी येई, तिच्याबरोबर जेवे, आणि संध्याकाळी बहिणीच्या घरी परते. असं वर्ष उलटलं.

मग तपासणीची नोटीस आली. दोन हमालांनी ताईला खुर्चीत बसवून सकाळीच वर नेलं; संध्याकाळी तेच तिला परत खाली आणणार होते. घरपट्टीचा निरीक्षक आला तेव्हा ती दारालगत, जणू कधी हललीच नव्हती अशी बसली होती. निरीक्षक मध्यमवयीन, सभ्य आणि कंटाळलेला होता.

भाऊने विजेची बिलं पुढे केली.

"बिलांचं काय घेऊन बसलात, काका," निरीक्षक म्हणाला. "रिकाम्या घरात पंखे फिरवणारे लोक पाहिलेत मी. कशावरून समजायचं बाई इथेच राहतात?"

हा प्रश्न भाऊला मनापासून आवडला. पुरावा मागणारा माणूस त्याला फार दिवसांनी भेटत होता, आणि तिथेच त्याचा तोल गेला.

"साधी चाचणी आहे," तो म्हणाला. "या बोर्डावर आठ बटणं आहेत. एकावरही खूण नाही. घरात राहणारा माणूस बटणाकडे बघत नाही. त्याच्या हाताला ठाऊक असतं. सांगा तिला कुठलाही दिवा लावायला."

"स्वयंपाकघरातला," निरीक्षक म्हणाला.

ताईने त्याच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता हात मागच्या बोर्डाकडे नेला. स्वयंपाकघर उजळलं. मग न्हाणीघर, मग गॅलरी, शेवटी बाहेरच्या जिन्याचा दिवा.

"एक्स्चेंजच्या बोर्डावर शंभर भोकं होती," ती म्हणाली. "इथे आठच आहेत."

निरीक्षक पहिल्यांदाच हसला. "छान आहे हे. मी वापरीन."

आणि त्याने ते वापरलं. पुढच्या आठवड्यात, काही न कळवता, तो भाऊच्या घरी आला. सवलत घेणारी त्या भागातली सगळीच घरं त्याच्या यादीत होती. दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती.

"अरे, काका, हे घर तुमचं? बाईही इथेच?"

"जेवायला आली आहे," भाऊ म्हणाला.

निरीक्षकाने भिंतीला टेकवून ठेवलेला ताईचा वॉकर पाहिला. "बरं, तुमचीच चाचणी. मागच्या अंगणातला दिवा लावा."

भाऊने त्याच्याकडे बघतच बोर्डावर हात ठेवला. पंखा सुरू झाला. त्याने दुसरं बटण दाबलं. डोक्यावरची ट्यूब लुकलुकून लागली. पंचवीस वर्षं तो या घरात राहिला होता, पण बोटं तिसऱ्या मजल्यावरचं घर शोधत होती.

"अरे, खालच्या ओळीतलं तिसरं," ताई म्हणाली.

अंगणातला दिवा भर दुपारी लागला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार तरी कोणाकडे करणार?

निरीक्षकाने पेनाला टोपण लावलं. "म्हणजे तुम्ही यांच्या घरी राहता, आणि या तुमच्या घरी. एकही मालक आपल्या घरी नाही."

"माझी सवलत काढून टाका," भाऊ म्हणाला. "मला पूर्ण पट्टी परवडते. तिची राहू द्या."

"तुमची काढून त्यांची कशी राहील, काका? तुम्ही कुठे राहता हा प्रश्नच नाही. त्या इथे राहतात, हा प्रश्न आहे."

तर्कात चूक नव्हती. भाऊने ती शोधून पाहिली.

"मी आज काही लिहीत नाही," निरीक्षक उठत म्हणाला. "महिनाअखेरीला पुन्हा येईन. तोवर ज्याने त्याने आपापल्या घरी असावं. एवढंच मला करता येतं."

तो गेल्यावर भाऊने, या वेळी बोर्डाकडे बघून, अंगणातला दिवा बंद केला. "विकून टाक, ताई. इथेच राहा. तुला इथे काय कमी आहे?"

"काही नाही. डबे तू लावलेस तिथेच आहेत, पडदे तुझ्या आवडीचे आहेत. वर्षभर पाहुणी आहे मी, अजून किती राहू?"

"वर राहायला गेलीस तर तुला एकटीला कधीच खाली येता येणार नाही."

"ते डॉक्टरांनाही कळतं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही."

त्याच हमालांनी तिला वर नेलं. खुर्ची टेकवून, घाम पुसत, मोठ्याने विचारलं, "परत कधी न्यायचं, बाई?" ताई पर्समध्ये सुटे शोधत राहिली.

महिनाअखेरीला दोन्ही घरांच्या सवलती कायम झाल्या. भाऊ आता स्वतःच्या घरी राहतो आणि अजून चुकीची बटणं दाबतो. संध्याकाळी भाजी घेऊन तो तीन मजले चढतो. दर वेळी जिन्याचा दिवा लागलेला असतो.

"कोणी येणार होतं का?" त्याने एकदा विचारलं.

"तुझ्याशिवाय कोण येतंय?"

"मला उजेडात दिसतं की. अजून सूर्यही मावळलेला नाही."

"तुझ्यासाठी नाही रे," ताई म्हणाली. "दार उघडून बघते मी. जिना अजून तिथेच आहे ना, तेवढं रोज तपासते."