सिग्रिडबाईंचे व्हायोलिन आणि दसऱ्याची सुट्टी

मित्रांनो, मी वयाने म्हातारे, पण आवाजाने अजून ठणठणीत असलेले एक व्हायोलिन आहे. नॉर्वेतल्या बर्गन शहरात एका चिकाटीच्या कारागिराने मला घडवले. शाळकरी सिग्रिडने मला हनुवटीखाली धरले आणि माझा जन्म सार्थकी लागला.

तिच्याबरोबर मी मँचेस्टरला आले. मोठ्या वाद्यवृंदात आम्ही वर्षानुवर्षे वाजवले. टाळ्या ऐकून मी जरा शेफारलेसुद्धा! पुढे सिग्रिडबाईंचा खांदा धरला. मैफली सोडून त्या दुसऱ्या, साध्या व्हायोलिनवर मुलांना शिकवू लागल्या आणि मी कपाटात गेले. तिथे मला फार एकटे वाटे.

मग शिकायला तनया आली. पुण्याहून इथे आलेल्या सुनेत्राची ही लेक. तिचा हात पाहून बाईंनी मला बाहेर काढले.

"लाकडाला काहीही लावायचं नाही. डाग दिसला, तर मी परत नेईन," असे बजावून त्यांनी मला तिच्या हाती दिले. बाई शब्दाच्या पक्क्या. तनया मला रोज वाजवी, मऊ कापडाने पुसे, ट्राममध्ये मांडीवर घेऊन बसे. मी पुन्हा गाऊ लागले.

दसऱ्याला सुनेत्राने मला पाटावर ठेवले, कपाळी हळदकुंकू लावले, झेंडू वाहिला. तनया शाळेतून आली ती किंचाळलीच.

"आई, हे काय केलंस तू! सिग्रिड आत्ता लेसनला येतेय. ती व्हायोलिन घेऊन जाणार!"

"अगं, आज वाद्याची पूजा असते. आज वाजवायचंही नसतं."

तेवढ्यात बेल वाजली. आता पुन्हा कपाट, असे मी मनात म्हटले.

बाईंनी मला पाहिले आणि चष्मा काढला. वर्षभर राबणाऱ्या वस्तूंना आम्ही आज हात जोडतो, सुट्टी देतो, असे सुनेत्राने चाचरत सांगितले. बाई पाटापुढे टेकल्या.

"मी याला जन्मभर राबवलं," शेवटी त्या म्हणाल्या. "एकदाही थँक यू म्हटलं नाही."

त्यांनी पेटीतून आपले शिकवायचे व्हायोलिन काढले, माझ्या शेजारी ठेवले आणि कुंकवाचा करंडा सुनेत्रापुढे सरकवला. "यालाही लावा."

तनया माझा ठिपका पुसायला धावली, तर बाईंनी तिचा हात धरला. "राहू दे. आणि हे व्हायोलिनही तुझ्याकडेच राहू दे."

लेसन बुडाला. बाईंनी श्रीखंड मात्र दोनदा मागून घेतले.

मित्रांनो, तुमच्या वाद्याला पुसत जा, हीटरशेजारी टाकू नका. आणि कधीतरी, वाजवायचे नसेल तेव्हाही, त्याच्याजवळ येऊन बसा.