जित्याला लावलेली थाळी

माझा गोकुळ ठाण्याला बांधकामाच्या परांचीवरून डोक्यावर पडला, त्याला चार महिने झाले. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं. मी त्याला मोखाड्याला आणला आणि गावाला बजावलं, माझ्या दारात येऊन कुणी चुकचुकायचं नाही.

बहिणीचा मुकेश जव्हारला मास्तर आहे. तो हेडफोन घेऊन आला. एका कानात एक सूर, दुसऱ्यात जरा वेगळा. डोकं म्हणे त्या दोन्हींतून आपलाच तिसरा सूर बनवतं आणि मेंदू त्याच्या चालीनं चालू लागतो. मी म्हटलं, तुझ्या वर्गातली पोरं आधी जागी कर. तो हसला. सून हर्षदा हसली नाही. तिनं पंधरा दिवस दोन्ही वेळा ते गोकुळच्या कानाला लावलं. पापणी हलली नाही. कपाळावर तेवढी आठी पडली, ती जाईना.

सोळाव्या दिवशी दुपारी मी माळ्यावरून त्याच्या बापाची काशाची थाळी काढली. आमच्यात माणूस मेला की थाळी लावतात. मधोमध मेण, मेणात उभी काडी. काडी चिमटीत धरून बोटं वरून खाली ओढत राहायची. भुंग्यासारखा आवाज निघतो, तुटत नाही, आणि त्या आवाजावर मेलेला आपल्या वाडवडलांत जाऊन पोचतो. माझा नवरा पार खोडाळ्यापर्यंत थाळी लावायला जायचा. गोकुळ त्याच्या मांडीशी बसून मोठा झाला. जित्याला थाळी लावत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको. पण सुरानंच यायचा असेल, तर ओळखीच्या सुरानं येईल.

"आई, नका लावू," हर्षदा म्हणाली.

"मास्तराचा सूर चालतो, सासऱ्याचा चालत नाही?"

मी बोटं ओढायला लागले. जरा वेळानं गोकुळचा श्वास आवाजाला लागला. आवाज लांबला की तोही लांबे. मग कपाळावरची आठी सुटली. हर्षदानं माझा दंड धरला. दोघींना एकच वाटलं, येतोय.

तेवढ्यात शेजारची फागी दारात आली. डोक्यावर पदर, हातात तांदळाची वाटी. मागं म्हातारा माघ्या, त्याच्यामागं दहा-बारा माणसं. थाळी ऐकून आली होती. फागीनं गोकुळच्या पायाशी तांदूळ ठेवले.

"जिता आहे," मी म्हटलं. "छाती बघ की."

तिनं बघितली. "मग थांबव थाळी."

मी थांबवली. गोकुळचा श्वास अडखळला, कपाळ परत आवळलं, घशातून कण्हल्यासारखं निघालं. चार महिन्यांत पहिल्यांदा आवाज काढला पोरानं. मी घाईनं काडी धरली. कपाळ मोकळं झालं. पण आता दोन श्वासांत आधीपेक्षा जास्त अंतर होतं.

"बघ, कुठल्या वाटेला लागलाय," फागी म्हणाली.

मला तिच्या तोंडावर चार शब्द मारायचे होते. पण काडी सोडता येईना. बोटं चालूच होती.

हर्षदानं माझा दंड सोडला. उठली आणि आलेल्या माणसांना बसायला घोंगडी अंथरू लागली.