आईच्या उंचीचा आवाज

लोकांना वाटतं, स्पीकर म्हणजे भोंगा. आमचा तसा नाही. टॉर्चचा झोत एका जागी पडतो ना, तसा आमचा आवाज एका जागी पडतो. जमिनीवर पांढरा गोल रंगवलेला असतो. त्यात उभं राहिलं की कोणीतरी कानाशी बोलतंय असं वाटतं, आणि दोन पावलं सरकलात की सगळं चिडीचूप. त्यामुळे संग्रहालयाच्या एकाच दालनात बारा खांबांवरून माणसं बोलतात आणि तरी गलका होत नाही. हे सगळं बसवणारा आणि सांभाळणारा मी. काही बिघडलं की सगळ्यांना मी आठवतो, नीट चाललं की कुत्रं विचारत नाही.

दालन आहे बंद पडलेल्या खिळ्यांच्या कारखान्याचं. बाबा तिथे एकतीस वर्षं यंत्रावर होते आणि आई त्याच शेडमध्ये खोक्यांत खिळे भरायला. शेवटच्या आजारपणात मी बाबांना खुर्चीत बसवलं, बोलतं केलं आणि रेकॉर्ड करून ठेवलं. चौथ्या खांबावर ते आणि त्यांचे दोन सोबती पाळीपाळीने बोलतात. दालन उघडायच्या आधीच बाबा गेले.

आईचे कान त्या शेडनेच खाल्ले. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, नस वाळत चालली आहे, जेमतेम एक वर्ष, मग ठार बहिरेपण. मला एकच ध्यास लागला. त्या वर्षात तिने बाबांना पोटभर ऐकून घ्यावं. घरी करून पाहिलं. कानयंत्रात शिट्टी वाजायची, हेडफोन लावला की तिला गरगरायचं आणि साध्या स्पीकरवर नुसती खरखर. म्हणून तिला संग्रहालयात आणून गोलात उभं केलं. तरी काही नाही! आई कमरेत वाकलेली, जेमतेम साडेचार फूट, आणि झोत तिच्या डोक्यावरून चाललेला. मी शिडीवर चढलो आणि खांबावरचं स्पीकरचं पॅनेल खाली झुकवलं. तिचा चेहरा असा काही उजळला की मी शिडीवरच रडलो. आईसमोर रडायला लाज कसली?

मग दर मंगळवारी सकाळी आई हजर. ती यायच्या आधी पॅनेल खाली करायचं, ती गेली की पुन्हा वर. प्रत्येक वेळी शिडी आणा, चार स्क्रू ढिले करा, कोन मोजा, स्क्रू आवळा. पुढे ती मनात येईल त्या दिवशी यायला लागली आणि मी वैतागून म्हटलं, मरू दे, राहू दे खालीच. बाकीच्यांनी जरा वाकून ऐकलं तर काय त्यांची पाठ मोडते? पण आवाज खाली आहे हे ठाऊक नसताना माणूस वाकेल कशाला, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही. बारा वर्षांचा अनुभव म्हणे!

मला दिसत होती फक्त आई. खांबावरून बाबा म्हणायचे, ‘अख्ख्या जगाला खिळे पुरवले आम्ही, पण घरचा आरसा अजून सुतळीने बांधलाय.’ तिथे ती हटकून हसायची. ‘शेडमध्ये हिच्याइतका हात कोणाचा चालत नव्हता,’ असं आलं की लाजून पदर सारखा करायची. मी तिच्यासमोर, झोतातच, खांबाला हात टेकून उभा. ती रेकॉर्डिंग मी कापून-जोडून दोनशे वेळा तरी ऐकलेली, शब्द न् शब्द पाठ. महिन्यामागून महिने गेले, तिचं हसू एकदाही चुकलं नाही. मी मनात म्हणायचो, डॉक्टरला डोंबल कळतंय.

मग एके दिवशी आमच्या प्रमुख मॅडमनी बोलावलं. छतातला कॅमेरा कोण कुठे किती वेळ थांबतं ते मोजतो. सहा महिन्यांचा हिशोब त्यांच्यासमोर होता. बाकी खांबांपाशी लोक मिनिटभर थांबतात, चौथ्यापाशी चार सेकंद.

“चौथा खांब काढतोय आपण,” त्या म्हणाल्या. “तिथे टच स्क्रीन येईल.”

“मॅडम, कोन चुकलाय फक्त. आत्ता दहा मिनिटांत सरळ करतो.”

त्यांनी अभिप्रायाची वही माझ्याकडे सरकवली. कुणा बाईने लिहिलं होतं, ‘माझे वडील इथे बोलतात असं कळलं म्हणून दोन बस बदलून आले. अर्धा तास गोलात उभी राहिले. काहीही ऐकू आलं नाही.’ खाली सही होती. बाबांच्या शेजारच्या यंत्रावरच्या काकांची मुलगी.

मी सगळं सांगून टाकलं. आई, तिचे कान, शिडी, आळस. मॅडमनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. त्या वाईट नाहीत हो, तेच तर अवघड झालं.

“तुमच्या जागी मी असते तर मीही खाली केलं असतं,” त्या म्हणाल्या. “पण रोज वर केलं असतं. आता स्क्रीन येऊन पडलीय आणि वरिष्ठांना कळवूनही झालंय. शनिवारी पॅनेल उतरवा. रेकॉर्डिंग घेऊन जा, घरी ऐकवा आईंना.”

घरी! घरी तर नुसती खरखर.

शनिवारी सकाळी, दारं उघडायच्या आधी, मी आईला घेऊन आलो. गोलात उभं केलं आणि तिच्यासमोर उभा राहून सांगितलं की आजचं शेवटचं, मग हे काढणार. माझ्यामुळे काढणार, हेही सांगितलं.

“जाऊ दे. तुझी शिडी तरी सुटली,” ती म्हणाली.

“आई, नीट ऐक ना. परत नाही मिळायचं.”

“मला ऐकू येत नाही रे राजा. सुरुवातीला दोन-तीन वेळा आलं कानावर. नंतर नाही.”

“मग हसायचीस कशी? अगदी बरोबर जागी?”

“तुझे ओठ हलतात ना. ते बोलायला लागले की तूही बोलतोस, आवाज न करता. तुझं तुला कळतसुद्धा नाही.” ती माझ्याकडे एकटक बघत होती. “शेडमध्ये कुणाला काय ऐकू येणार होतं? आम्ही सगळे ओठच वाचायचो. ह्यांनी मागणीसुद्धा तशीच घातली. लग्न झाल्यावर घरी पहिल्यांदा आवाज ऐकला.”

“मग सांगितलं का नाहीस मला? मी पॅनेल वर केलं असतं, आई! राहिला असता खांब!”

“वाटायचं, बघत राहिलं तर आठवेल.”

“काय आठवेल?”

“ह्यांचा आवाज. शब्द सगळे कळतात, आवाज आठवत नाही. चाळीस वर्षं ऐकला आणि कुठे गेला कोण जाणे.” तिने माझा हात धरला. “तू तर रोज ऐकतोस. कसा होता रे?”

वर पॅनेल चालूच होतं. बाबा बोलत होते. मी ऐकलं, आणि म्हणालो, “जाड होता. जरासा जाड.”

“जाड म्हणजे कसा?” तिने विचारलं.

मी तोंड उघडलं, पण मला सांगता येईना.