पेरलं की उगवलं?

पत्र्यावर ठोकलेला सात आकडी क्रमांक.
कोंबडीची तीन पिसं.
एक वाकडी ओळ.
गुडघ्याचं ऑपरेशन.

मित्रांनो, या सगळ्याचा संबंध माझ्याशी आहे. मी एक जुनं पेरणीयंत्र आहे.

मी कारखान्यातून आलो तेव्हा माझी निम्मी किंमत सरकारी अनुदानातून भरली होती. म्हणून माझ्या अंगावर तो क्रमांक आहे. माझे मालक काका, त्यांनी मला अठरा हंगाम चालवलं. लोक बांधावर थांबून म्हणत, "ओळ बघा, दोरी धरल्यासारखी!" तेव्हा माझ्या प्रत्येक फाळाला मातीचा वास असे.

काका गेले. काकूंचे गुडघे कुरकुरू लागले. त्याच सुमारास नवी योजना आली: शेत पाच वर्षं पडीक ठेवा, जमिनीला विश्रांती द्या, दरवर्षी अनुदान घ्या. काकूंनी सही केली. पहिल्या दोन वर्षांच्या पैशांत गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

"काकू, सरकारची कमाल आहे," पुतण्या हसला. "आधी याला विकत घ्यायला पैसे दिले, आता बसवून ठेवायला देतंय!"

"मलाही बसवलंच की रे," काकू म्हणाल्या.

माझ्या बियाण्याच्या डब्यात कोंबडी अंडी घालू लागली. चांगली होती बिचारी, पण बियाणं ते बियाणं. छपराच्या फटीतून मला शेत दिसे. समोर जेवणाचं ताट आणि हात बांधलेले, तशी माझी गत झाली.

वर्षातून एकदा तपासनीसबाई येत. त्या रस्त्यावरच गाडीत बसून राहत. मग पुतण्या ट्रॅक्टरला जोडून मला शेतातून त्यांच्यापर्यंत ओढत नेई. अनुदानाचं यंत्र विकलं तर नाही ना म्हणून त्या क्रमांक पडताळत आणि पडीक शेत पाहून जात. चौथ्या वर्षी मला नेताना माझी दांडी खालीच राहिली. दांडी खाली असली की फाळ मातीत घुसतात. चार वर्षांनी माती लागली, मित्रांनो! काय सांगू!

दोन महिन्यांनी बाई अचानक पुन्हा आल्या. छपरापासून रस्त्यापर्यंत, सापासारखी नागमोडी, गव्हाची हिरवी ओळ उभी होती.

"दांडी वर करायची राहिली. माझीच चूक," पुतण्याने कान पकडले.

बाईंच्या तपासणीच्या कागदावर दोनच चौकटी होत्या. "काकू, पेरलं की उगवलं? पेरलं असेल तर चारही वर्षांचं अनुदान परत करावं लागेल."

काकूंनी ओळीकडे पाहिलं. मला मनातून वाटत होतं, त्यांनी 'पेरलं' म्हणावं. एकदाच.

"बाई," काकू म्हणाल्या, "आमच्या घरात पेरतात ती ओळ अशी नसते. ही पेरलेली म्हटली तर हे वरून खाली उतरतील, आणि आधी मला ओरडतील."

बाई हसल्या आणि त्यांनी 'उगवलं'वर खूण केली. मात्र लोंबी येण्याआधी कापा, असं बजावून गेल्या.

काकूंनी ती ओळ एकटीने कापली. सावकाश, एकेक मूठ हातात धरून, संध्याकाळपर्यंत.

मित्रांनो, तुमच्याकडे असं बसून राहिलेलं काही असेल, तर त्याला तेल द्या, त्याचं चाक अधूनमधून फिरवा. गंज पावसाने चढतो, पण त्याहून लवकर वाट पाहण्याने चढतो.

आणि हो, चौथ्या वर्षी मला रस्त्यापर्यंत ओढत नेलं त्या सकाळी, पुतण्या यायच्या आधी, काकूंनी कोंबडीला उठवून माझ्या डब्यात ओंजळभर गहू टाकला होता आणि दांडी खाली ओढली होती.