बिनबोलावलेले पाहुणे

विदोये स्टानिमिरोविच एके काळी देशाकडून बास्केटबॉल खेळला आणि पुढे बारा वर्षं वाल्येवो शहराच्या संघाचा प्रशिक्षक होता. परवा संघाच्या अध्यक्षानं, ग्वोझ्देननं, त्याला काढून टाकलं. का, तर त्यानं अध्यक्षाच्या भाच्याला बाकावर बसवून ठेवलं! वर खेळाडूंना तंबी, की स्लावाच्या दिवशी जो विदोयेच्या घरी जाईल, तो संघाबाहेर.

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. त्याचं आमंत्रण कुणी देत नाही. येणारा येतो, आणि आलेल्याला घालवत नाहीत, मग तो वैरी का असेना.

"मासे किती आणू?" बायकोनं, देसांकानं, विचारलं.

"दरवर्षीइतकेच."

"संघातली पोरं आली नाहीत तर?"

"तर आपण दोघं आठवडाभर मासे खाऊ. एकही कमी करायचा नाही."

दुपार कलली. दोन चुलतभाऊ जेवून गेले. बारा खुर्च्या रिकाम्या.

"बस जरा, गुडघा बघ केवढा सुजलाय," देसांका म्हणाली.

"स्लावाला यजमान बसत नाही. आज तर मुळीच नाही." बोलला खरा, पण नजर दाराकडेच होती.

तेवढ्यात दार उघडून खुद्द ग्वोझ्देन आत आला. वीस वर्षं तो या दिवशी इथं येत होता; शिरस्ता मोडून संताचा राग कोण ओढवून घेणार? शिवाय रिकाम्या खुर्च्याही बघायच्या होत्या. विदोयेनं त्याला रिवाजाप्रमाणे गोड गहू दिले, दारू ओतली.

"ऐसपैस जागा आहे की," ग्वोझ्देन म्हणाला. "हट्ट सोड, विदोये. भाच्याला खेळव, उद्यापासून कामावर ये."

"पळायला लागू दे, मग खेळवीन, अध्यक्षमहाराज. मासा घ्या, गार होतोय."

एवढ्यात दारात बूट वाजले. सगळे खेळाडू! सकाळपासून कोपऱ्यावर कुडकुडत उभे होते, जावं की न जावं करत.

"अध्यक्षच आत शिरताना दिसले," कप्तान ओग्न्येन म्हणाला. "म्हटलं, बंदी उठली."

ग्वोझ्देन लालबुंद झाला. "चालते व्हा! सगळे संघाबाहेर!"

"माझ्या घरातून पाहुण्याला घालवायचं नाही," विदोये म्हणाला. "मी तुम्हाला घालवलं का?"

"सगळे बाहेर, तर शनिवारी खेळणार कोण?" ओग्न्येननं खुर्ची ओढली.

ग्वोझ्देननं घोळक्यात मागे उभ्या भाच्याकडे पाहिलं. भाचा पुढे आला.

"मला एकट्याला नाही जमणार, मामा. जरा सरक, बसायचंय."

विदोयेचे डोळे भरून आले. ते त्यानं लपवले नाहीत.

"उद्या सकाळी सातला सराव," तो म्हणाला. अध्यक्षाला त्यानं विचारलंसुद्धा नाही.